बसतेस ना गो नीट?

रोह्याच्या बाजारात, भर गर्दीत, एका हातात मेथीची जुडी धरून बाई समोरून येणाऱ्या एखादीला थांबवायच्या आणि एवढंच विचारायच्या, "बसतेस ना गो नीट?" बाळ कसं आहे, सासू बरी आहे का, असलं काही नाही. जिला विचारलं ती लाजून पदर तोंडाला लावायची, भाजीवाली खुदकन हसायची, आणि बरोबर माझ्यासारखी नवी नर्स असली तर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाईंना त्याचं काहीच नसे. उत्तर मिळेपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत. "बसते, बाई" असं ऐकलं की मान डोलावून पुढच्या टोपलीकडे. पण कोणी "तसं बरं हाय" असं गुळमुळीत बोललं, तर तिचा हात धरून तिला तिथूनच दवाखान्यात घेऊन यायच्या. अशा वेळी मेथी मी धरायची.

बाई म्हणजे रोह्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहातल्या मुख्य नर्स. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. डॉक्टरसुद्धा बाईच म्हणायचे. मी पेणची, कोर्स संपवून नुकतीच तिथे लागलेली. बाईंनी पहिल्या दिवशीच माझं नाव टाकून दिलं आणि पेणकरीण म्हणायला लागल्या. धाटावला तेव्हा एकेक कंपनी उभी राहत होती, वरश्याला नवी घरं होत होती, आणि आमच्याकडे पहिलटकरणींची रांग असायची.

आता आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं की पहिलटकरीण म्हटली की कट द्यायचा. डोकं दिसायला लागलं की कात्री चालवायची, मग टाके घालायचे. सरळ कापलेलं शिवायला सोपं जातं, वेडंवाकडं फाटलं तर त्रास होतो, असं त्यामागचं कारण. माझा हात कात्रीवर चांगला बसला होता आणि मला त्याचा गर्वही होता. पहिल्याच बाळंतपणात मी ऐटीत कात्री उचलली, तर बाईंनी माझ्या मनगटाला धरलं.

"हिला कोणी बोलावली?" त्यांनी कात्रीकडे बघून विचारलं.

त्यांची कात्री उकळून, कापडात गुंडाळून वेगळ्या ताटलीत झाकलेली असे. ती टाकून दिली होती असं नाही. एकदा बाळाचे ठोके एकदम पडले तेव्हा बाईंनी इतक्या चटकन कट दिला की मला ताटली पुढे करायलाही वेळ मिळाला नाही. बाळ बाहेर आलं, रडलं, आणि बाई म्हणाल्या, बोलावली की तिनं यायलाच पाहिजे, पण बोलावल्याशिवाय येऊ नये. डॉक्टरांशी यावरून त्यांची बाचाबाची व्हायची. डॉक्टर भला माणूस. शेवटी ते म्हणायचे, "तुमच्या हाताला यश आहे बाई, तुमचं तुम्ही बघा," आणि बाहेर जाऊन पेपर वाचत बसायचे.

पुस्तकात ज्याला पेरिनियम म्हणतात त्याला बाई उंबरा म्हणायच्या. डोकं उंबऱ्यावर आलं, उंबरा ताणला, उंबरा राखला, अशी सगळी भाषा. नवीन माणूस घरात येतंय तर त्याला उंबऱ्यावर क्षणभर थांबू दे, धावत आत घेऊ नको, हे त्यांचं शास्त्र. त्यासाठी त्यांच्याजवळ तीन गोष्टी. एक, कोमट पाण्याचं पातेलं आणि मऊ सुती फडकी. शेवटच्या टप्प्यात त्या ओलं गरम फडकं उंबऱ्यावर धरून ठेवायच्या आणि थंड झालं की बदलायच्या. फडकं द्यायला अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी मला शिव्या बसायच्या. दुसरी गोष्ट त्यांचा हात, उंबऱ्याला आधार देणारा. आणि तिसरी म्हणजे फुंकणी.

हो, चूल फुंकायची फुंकणी. लोखंडी, आईच्या घरातून आणलेली, प्रसूतीच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाखाली खिळ्याला टांगलेली. तपासणीला येणारे साहेब विचारायचे, हे काय? बाई सांगायच्या, उपकरण. डोकं पुरतं उंबऱ्यावर आलं की बाळंतिणीला वाटतं आता सगळा जोर लावून मोकळं व्हावं, आणि नेमकी तिथंच फाट पडते. तेव्हा बाई म्हणायच्या, "आता जोर नको गो. आता चूल पेटव." आणि फुंकणी तिच्या हातात द्यायच्या. फुंकणारीला जोर लावता येत नाही, खोटं वाटत असेल तर करून बघा. ती बिचारी फू फू करत राहायची आणि डोकं तांदळा-तांदळाएवढं सरकत बाहेर यायचं. एकदा कंपनीच्या क्वार्टरमधली एक नवी सून आली. फुंकणी हातात दिली तर तशा कळांमध्येही ती म्हणाली, "पण बाई, आमच्याकडे गॅस आहे." बाईंनी फडकं बदललं. मग म्हणाल्या, "बरं, मग वाढदिवसाची मेणबत्ती विझव." तिला हसू फुटलं आणि हसता हसता ती बाळंत झाली. टाका एकही नाही.

हाताचं मात्र मला जमेना. मी एक तर दाबून धरायची, नाही तर घाबरून सोडून द्यायची. बाईंनी चार-पाच वेळा बघितलं आणि एक दिवस विचारलं, तुझा बाप काय करतो? मी म्हटलं, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती करतात. "मग इथे काय शिकतेस? रविवारी घरी जा आणि बापाचा हात बघून ये."

मला राग आला होता. चार वर्षं शिकून आलेली मी, आणि मला आप्पांकडे पाठवतात. पण गेले. आप्पा मांडी घालून कामाला बसले होते. ओल्या मातीवर त्यांचा तळवा नुसता टेकलेला असायचा, दाबत नव्हता आणि सोडतही नव्हता. अर्धवट मूर्तीवर ओलं फडकं घातलेलं. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, सुकलं आणि घाई केली की तडा जातो, आणि गेलेला तडा लिंपला तरी मातीला कळतं. सोमवारी मी बाईंना हे सांगितलं. त्या दिवसापासून माझं पातेल्याजवळचं काम सुटलं आणि त्या मला उंबऱ्यावर हात धरू द्यायला लागल्या.

बाईंच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. त्या कधी बसायच्या नाहीत. जेवण खिडकीपाशी उभ्यानं. डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं तर बाई दाराशी उभ्या. त्यांच्या वाट्याच्या स्टुलावर त्यांची काळी पिशवी बसायची, आणि तिला कोणी हात लावायचा नाही. लग्न, मुंज, बारसं, कुठेही जायच्या नाहीत. एवढ्या पोरांना जगात आणलं, एकाच्याही पाळण्याची दोरी ओढली नाही. एसटीत पाऊल टाकत नसत. वालाची उसळ सगळा रोहा बोटं चाटत खातो, बाई शिवायच्या नाहीत. दिवसातून दोनदा-तीनदा अचानक दिसेनाशा व्हायच्या आणि मागच्या अंगणात दोरीवर ओलं लुगडं दिसायचं. आम्ही ठरवून टाकलं होतं की बाईंचं सोवळं कडक आहे, प्रत्येक बाळंतपणानंतर आंघोळ करतात. आया तर त्यांच्या पाठीमागे नक्कल करायच्या, मीही हसले आहे. बसत का नाही असं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "बसलं की झोप येते मला."

मग सुगंधाचा दिवस आला. वरश्याची सुगंधा, पहिलटकरीण, नवरा धाटावला शिफ्टमध्ये. दुपारची वेळ. सगळं छान चाललं होतं आणि मधेच बाईंनी पिशवी उचलली. म्हणाल्या, पेणकरीण, पाच मिनिटं. डोकं उंबऱ्यावर आलं तर फुंकणी दे आणि मला हाक मार. आणि गेल्या.

डोकं दोन मिनिटांत आलं. दाट काळे केस दिसले आणि मला काय झालं देव जाणे. मी एकटी होते, मला वाटलं आता हे बाळंतपण माझं. आनंदानं मी ओरडले, "जोर लाव सुगंधा, जोर लाव!" तिनं माझं ऐकलं. असं ऐकलं की पोरगी एका झटक्यात माझ्या हातात आली, आणि फाट थेट मागच्या वाटेपर्यंत गेली. फुंकणी खिळ्यालाच होती.

बाई धावत आल्या, बघितलं. डॉक्टरांना बोलावलं. दिवा स्वतः धरला. डॉक्टर आतून बाहेर एकेक थर शिवत होते आणि बाई प्रत्येक टाक्याला वाकून बघत होत्या. सगळं झाल्यावर सुगंधाच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी काय झालं, काय शिवलं, काय खायचं, हे तिला समजावून सांगितलं. काही लपवलं नाही. माझं नाव मात्र घेतलं नाही.

मी मागच्या अंगणात जाऊन रडत होते. बाई आल्या.

"चूक तुझी हाय, ती हायच," त्या म्हणाल्या. "पण मी जागेवर नव्हते, ती माझी."

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. लाज वाटली की मला रागच येतो. मी फटकन बोलले, "मग कुठे गेला होतात? तुमचं सोवळं मोठं की ती बाई मोठी?"

बाईंनी दोरीवरच्या ओल्या लुगड्याकडे पाहिलं. "सोवळं नाय गो ते," त्या म्हणाल्या.

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. सतराव्या वर्षी, गावी, दोन दिवस अडल्या होत्या. चार जणी मिळून ओरडत होत्या, जोर लाव, जोर लाव. मूल गेलं. उंबरा फुटला तो फुटला. मळ थांबेना, वारा थांबेना. कोणाला सांगणार? घरात वास यायला लागला तसा नवरा माहेरी पोचवून गेला, तो न्यायला आलाच नाही. आईनं फडकी शिवून दिली, धुवायला शिकवलं, आणि पुढे एका मिशनच्या दवाखान्यात कामाला लावलं. तिथे उभ्यानं काम करायचं होतं, ते जमलं. तेव्हापासून तीस वर्षं पिशवीत फडकी, ताटात मोजकं अन्न, आणि कुठेही बसायचं नाही, कारण बसून उठताना काय होईल याचा भरवसा नाही.

मी म्हटलं, "पण सुगंधाचं शिवलं तसं तुमचं का नाही शिवलं?"

"कोणी विचारलंच नाय," बाई म्हणाल्या. "आणि मी सांगितलं नाय."

मी त्यांच्या पायाशी बसून जे रडले ते सुगंधासाठी होतं की त्यांच्यासाठी, मला आजही सांगता येणार नाही. त्या सोवळ्यावर मी हसले होते ना.

शिक्षा म्हणून बाईंनी मला दर आठवड्याला वरश्याला पाठवलं. सुगंधाच्या घरी जायचं, सासूला बाहेर पाठवायचं आणि विचारायचं. नीट बसतेस ना? शी थांबवता येते ना? वारा थांबतो ना? पहिल्यांदा मी जमिनीकडे बघून पुटपुटले आणि तीही पुटपुटली. परत आल्यावर बाईंनी मला धारेवर धरलं. "विचारताना नजर खाली घालायची नाय. तू लाजलीस तर ती खोटं बोलेल." पुढच्या आठवड्यात मी तिच्या डोळ्यांत बघून विचारलं आणि ती खरं बोलली. थोडा त्रास होता. मग औषध, व्यायाम, पथ्य, सगळं पाळलं, आणि तीन-चार महिन्यांत सुगंधा ठणठणीत झाली. वेळेवर शिवलेलं धरतं, हे मी तिच्यामुळे शिकले.

मग मी बाईंच्या मागे लागले. पेणला एक सर्जन बाई नव्यानं आल्या होत्या, त्यांना भेटून मी विचारून आले. त्या म्हणाल्या, जुनं असलं तरी शिवता येतं, पूर्ण बरं होईल असा शब्द देत नाही, पण आहे त्यापेक्षा बरं नक्की होईल. मी नाचत रोह्याला आले. बाई म्हणाल्या, आता लावणीचे दिवस, बायका शेतावरून थेट येतात, मी कशी हलू. मग श्रावण आला. मग कापणी. मग थंडीत जखमा भरत नाहीत म्हणे! असली थाप मारताना त्यांची नजर खाली असायची. मी दर शनिवारी ड्युटी संपली की त्यांच्यासमोर उभी राहून विचारायची, "बाई, बसताय ना नीट?" त्या फडकं घेऊन माझ्या अंगावर यायच्या. एकदा तर म्हणाल्या, तोंड बंद कर नाही तर बदली करवीन. मी म्हटलं, करा.

सुगंधाच्या मुलीचं उष्टावण होतं. सुगंधा स्वतः आमंत्रणाला आली, बाई आल्याशिवाय पहिला घास भरवणार नाही म्हणाली. बाई नाही म्हणत होत्या, पण ती ऐकेना. शेवटी आम्ही दोघी वरश्याला गेलो. अंगणात रांगोळी, मधोमध पाट, आणि पोरीला खीर भरवायचा पहिला मान बाईंचा. सुगंधा पोरीला घेऊन पाटाशेजारी ऐसपैस मांडी घालून बसली होती. हसत म्हणाली, "बसा ना बाई." सगळ्या बायका बघत होत्या. बाईंनी पाटाकडे पाहिलं, सुगंधाच्या मांडीकडे पाहिलं. मग वाकल्या, उभ्यानंच पोरीच्या ओठाला खीर लावली, झबलं हातात दिलं आणि काम आहे म्हणून निघाल्या. कोणीतरी मागून म्हणालं, केवढा हा ताठा. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, मी ते गिळलं.

आम्ही रोह्याला परत निघालो. शनिवार होता, पण माझी विचारायची हिंमत झाली नाही. दवाखान्याच्या पायरीपाशी बाईच थांबल्या.

"आज विचारलं नाय तू."

मी विचारलं, "बसताय ना नीट?"

"नाय," बाई म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. "नाय गो. नेशील तिथं येते."

पेणला जाताना गाडी अर्धी रिकामी होती. बाई दांडा धरून उभ्या. कंडक्टरनं तीनदा सांगितलं, मावशी, बसा की, एवढ्या सीटा पडल्यात. वडखळला तो वैतागून म्हणाला, तिकीट बसायचं काढलंय ना? मीही मग त्यांच्याबरोबर उभी राहिले. आम्हा दोघींना वेड्यात काढलं असणार लोकांनी.

ऑपरेशनच्या टेबलावर कण्यात सुई द्यायच्या वेळी बाईंचं सगळं अंग थरथरायला लागलं. एवढ्या बाळंतपणांत ज्यांचा हात कधी हलला नाही, त्या बाई. सर्जन म्हणाल्या, अशा हलल्या तर सुई देता येणार नाही. बाईंनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. त्यांना तिथे तसं कोणी बघितलं नव्हतं, एकतीस वर्षांत कोणीच नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "बाई, आता चूल पेटवा."

त्यांनी डोळे मिटले आणि फुंकायला लागल्या. फू. फू. थरथर थांबली. सुई गेली. आत थर लावता लावता सर्जननी मला बोलावून दाखवलं, आणि मी डॉक्टरांच्या दिव्याशी बाई उभ्या राहायच्या तशी वाकून प्रत्येक टाका बघितला.

नंतरचे दिवस पेज, ताक, मऊ भात. दवाखान्यातून सुटल्यावर बाई महिनाभर आमच्या घरी राहिल्या. आईनं त्यांना एका कामाला हात लावू दिला नाही. दुपारी त्या कारखान्यात जाऊन आप्पांचं काम बघायच्या. दोघं फारसं बोलायचे नाहीत. एकदा आप्पांनी विचारलं, माझ्या पोरीचा हात कसा आहे? बाई म्हणाल्या, आता तुमच्यासारखा आहे. आयुष्यात मला पुष्कळ सर्टिफिकिटं मिळाली, ती सगळी एका पेटीत पडून आहेत.

सगळं अगदी नव्यासारखं झालं असं नाही. वारा कधीमधी दगा द्यायचा. "तो कोणाला देत नाय?" असं म्हणून बाई मोकळ्या. पण फडकी सुटली, आणि पुढे वालाच्या शेंगा सोलत त्या आमच्याबरोबर पायरीवर बसायच्या, उसळीला वाटी पुढे करायच्या. निवृत्त होताना फुंकणी मला दिली. माझ्याकडे शिकलेल्या पोरी आधी तिला हसायच्या, मग मागून घ्यायच्या. मीही आता घरी बसले आहे, तरी बाजारात एखादी ओली बाळंतीण दिसली की माझं तोंड आवरत नाही. लोक म्हणतात, म्हातारीला चळ लागला. लागू दे.

पण मला बाई आठवतात त्या पेणहून परतीच्या गाडीतल्या. स्टँडवर गाडी लागली, आम्ही चढलो, आणि बाईंनी सवयीनं दांडा धरला. मी खिडकीची जागा पुसली आणि बाजूला सरून उभी राहिले. गाडी सुरू झाली, वळणावर हिसका बसला. बाईंनी एक हात सीटच्या पाठीवर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि गरम पाण्यात पाय घालावा तशा हळू हळू खाली बसल्या. पदर सारखा केला. पिशवी मांडीवर घेतली. बाहेर मिठागरं सरकत होती, तिकडे तोंड करून बसल्या. मग मीही त्यांच्या शेजारी टेकले.

वडखळ गेलं. मी विचारलं, "बाई, बसलात ना नीट?"

उत्तर आलं नाही. मी वाकून बघितलं. नागोठणं यायच्या आधीच बाईंचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं, तोंड थोडं उघडं, आणि त्या घोरत होत्या. बसलं की झोप येते मला, असं त्या म्हणायच्या ना, ते मात्र खरं निघालं. मी रोह्यापर्यंत खांदा हलवला नाही.